पेढी आणि पिढी

'पेढी' आणि 'पिढी' हे दोन शब्द लिहिताना एकाला मात्रा लागते, दुसऱ्याला वेलांटी. कानाला फरक जेमतेम जाणवतो. व्यापारी घरांत तर या दोहोंचे नशीब एकाच दोरीने बांधलेले असते. पेढी वाढते ती पिढीच्या बळावर, आणि बसते तीही बहुधा पिढीच्याच हातून.

मोटारी बनवणाऱ्या कंपन्याही 'पिढी' हा शब्द वापरतात. रंग बदलला, दिवे बदलले म्हणजे पिढी बदलली असे त्या मानत नाहीत. नाव तेच ठेवून गाडी मुळापासून पुन्हा आखली, की तिला नवी पिढी म्हणतात. अशा वेळी आखणाऱ्यांसमोर प्रत्येक घरात उभा राहतो तोच प्रश्न असतो : जुन्यातले काय घ्यायचे, आणि काय मागे ठेवायचे?

हा प्रश्न मनात घेऊन सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस कोल्हापूरचे एक ओतकाम-व्यावसायिक श्टुटगार्टला पोहोचले. घरात व वसाहतीत त्यांना अण्णा म्हणतात. हानोव्हर येथील यंत्रसामग्रीचे 'एमो' प्रदर्शन पाहून ते मुलाकडे आले होते. मुलगा शिक्षण संपवून दोन वर्षे तिथेच नोकरी करत होता. आता परतायची त्याची तयारी होती, पण त्याने एक अट घातली होती. शिरोलीच्या फाउंड्रीत ट्रॅक्टरच्या आणि मालवाहू गाड्यांच्या इंजिनांचे लोखंडी भाग ओतले जातात. त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमचे ओतकाम सुरू करावे, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी कवचे ओतावीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याने तसे सविस्तर पत्रच लिहिले होते. अण्णांनी त्या पत्राला उत्तर दिले नव्हते. नकार द्यावा तर मुलगा परतणार नाही, आणि होकार द्यावा तर ज्या इंजिनावर घर उभे राहिले त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखे होईल, या कोंडीत ते चार महिने होते.

रविवारी सकाळी मुलाने त्यांना त्सुफेनहाउझेनला, पोर्शे कंपनीच्या संग्रहालयात नेले. घरून फोनवर आईने हे नाव ऐकले आणि ती क्षणभर गप्प झाली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हे नाव कोणी कौतुकाने घेत नाही. "बघून या, पण डोक्यात घेऊ नका," एवढेच ती म्हणाली. अण्णांनाही अशा गाडीची हौस नव्हती. दोन माणसे, वर कापडी छप्पर आणि एवढी किंमत, यात व्यवहार कुठे बसतो, हे त्यांना उमगत नव्हते.

संग्रहालयातील एका लहानशा, रुपेरी, बिनछपराच्या गाडीपाशी मात्र ते थांबले. कंपनीचे नाव धारण करणारी ही पहिली गाडी. ८ जून १९४८ रोजी तिला रस्त्यावर धावण्याची परवानगी मिळाली. युद्धाच्या अखेरच्या काळात ही पेढी ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावी, एका जुन्या लाकूड-गिरणीत हलली होती. संस्थापक फर्डिनांड पोर्शे युद्धानंतर फ्रान्समध्ये कैदेत होते, त्यामुळे कारभार मुलाच्या, म्हणजे फेरी पोर्शे यांच्या अंगावर आला. हाताशी भांडवल नव्हते. शेतीची अवजारे आणि वाहने दुरुस्त करून कामगारांचे पगार निघत होते. अशा दिवसांत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, फेरी यांनी फोक्सवागनचे सुटे भाग घेऊन ही गाडी उभी केली. इंजिन ११३१ घनसेंटिमीटरचे, ताकद अवघी ३५ अश्वशक्ती. पैशाची निकड अशी, की तीही लवकरच स्वित्झर्लंडमध्ये विकली गेली. पुढे कंपनीने ती परत मिळवली.

अण्णांना आपले वडील आठवले. तेही उद्यमनगरात भाड्याच्या जागेत शेतकऱ्यांची ऑइल इंजिने दुरुस्त करत होते. दुरुस्तीला लागणारा भाग बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी तो स्वतः ओतला. घरची फाउंड्री त्या एका भागातून निघाली.

"अण्णा, हिचं इंजिन कुठे आहे बघा," मुलगा म्हणाला. इंजिन पुढे नव्हते आणि अगदी मागेही नव्हते. बसणाऱ्याच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या अलीकडे, म्हणजे गाडीच्या पोटात होते. त्याचा फायदा मुलगा यंत्रशास्त्राच्या भाषेत सांगू लागला, पण अण्णांनी तो आपल्या रीतीने समजून घेतला. कावडीच्या दोन टोकांना दोन घागरी असल्या, की खांद्यावरची कावड चटकन वळवता येत नाही. वळू लागली की थांबवताही येत नाही, टोके आपल्याच ओढीने फिरत राहतात. तेवढेच ओझे छातीशी धरले तर माणूस जागच्या जागी वळतो. गाडीतली सर्वांत जड वस्तू इंजिन. ते मध्यभागी घेतले की वळणावर गाडी चालकाचे ऐकते. बैलगाडी भरणाऱ्यालाही हे ठाऊक असते. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, पुढे गेला की बैलांच्या मानेवर बसतो.

"मग पुढच्या गाड्यांत हेच ठेवलं असेल," अण्णा म्हणाले.

"नाही. लगेच बदललं."

विक्रीसाठी गाड्या बांधायची वेळ आली तेव्हा फेरी यांनी इंजिन मागच्या आसाच्या पलीकडे सरकवले. त्यामुळे आत सामानाला व लहान आसनांना जागा झाली आणि खर्चही उतरला. शर्यतीच्या गाड्यांत मात्र मध्यभागीचे इंजिन परत आले. १९५३ ची '५५० स्पायडर' आणि तिच्यानंतरची '७१८' या दोन्ही तशाच होत्या, आणि ७१८ ने १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे सिसिलीतील 'टार्गा फ्लोरिओ' शर्यत जिंकली. १९६९ ते १९७६ या काळात '९१४' नावाची मध्यभागी इंजिन असलेली एक गाडीही निघाली. पण कंपनीचा संसार चालला तो मागे इंजिन असलेल्या '९११' वर. पहिल्या गाडीची मांडणी घरात आठवणीसारखी राहिली.

पुढच्या दालनात जाताना मुलाने या घराण्याची एक हकिगत सांगितली. १९७० च्या सुमारास पेढीत दहा भागधारक होते. फेरी, त्यांची बहीण लुईझ पीएख, आणि दोघांची प्रत्येकी चार अपत्ये. वाटा प्रत्येकाचा सारखाच, दहा टक्के. मुले कर्तबगार होती. फेरी यांच्या थोरल्या मुलाने ९११ ला रूप दिले होते. लुईझ यांचा मुलगा फर्डिनांड पीएख याने '९१७' ही शर्यतीची गाडी घडवली होती. कर्तबगार होती म्हणूनच पटत नव्हते. शेवटी १९७२ मध्ये ठरले, की दोन्ही घरांतील कोणीही दैनंदिन कारभारात राहायचे नाही. मालकी राहील, देखरेख राहील, पण खुर्ची बाहेरच्यांना द्यायची. एका भावाने आखणीचा स्वतंत्र व्यवसाय काढला, दुसरा आऊडी कंपनीत गेला.

"आपल्याकडे असं झालं असतं तर वाटणी झाली असती," अण्णा म्हणाले. त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता, पण अनुभव होता. त्यांच्या घरची वाटणी १९९१ मध्ये झाली होती. एक भट्टी इकडे, एक लेथ तिकडे आणि मधे भिंत. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुढची दहा वर्षे कर्ज फेडण्यातच गेली.

घरचे लोक दूर झाल्याने पेढीचे सगळे भले झाले, असेही घडले नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात वर्षाला सुमारे ५३ हजार गाड्या विकल्या जात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत. डॉलर घसरला, १९८७ मध्ये तिथला शेअर बाजार कोसळला, आणि विक्री खाली खाली जात १९९२-९३ मध्ये सुमारे १४ हजारांवर आली. एकाच गिऱ्हाइकावर अर्धा धंदा टेकवला, की ते गिऱ्हाईक शिंकले तरी आपल्याला ताप येतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कंपनी विकली जाणार, अशी बोलणी बाजारात उघड होऊ लागली.

तेव्हा, १९९२ मध्ये, वेंडेलिन वीडेकिंग या चाळिशीतील अभियंत्याकडे सूत्रे आली. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार बोलावले. कारखान्यात पाऊल टाकल्यावर त्या जाणत्यांना यंत्रे आणि कारागीर दिसण्याआधी मालाने भरलेली उंच फडताळेच दिसली. कारखाना पाहायला आलो आणि गोदामात उभे आहोत, असे त्यांना वाटले. त्यांनी वीडेकिंग यांच्या हाती विजेची करवत दिली आणि ठरावीक उंचीच्या वरचा फडताळांचा भाग कापून काढायला सांगितले. कामगारांच्या देखत प्रमुखाने तो स्वतः कापला. वर ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा लागेल तेवढाच माल, लागेल त्या दिवशी मागवणे भाग पडले.

अण्णा यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या फाउंड्रीत एक अख्खी शेड जुन्या लाकडी पॅटर्नची आहे. ज्या इंजिनांचे उत्पादन थांबून पंचवीस-तीस वर्षे झाली, त्यांचेही पॅटर्न तिथे सांभाळलेले आहेत. ते काढून टाकण्याचा विषय मुलाने दोनदा काढला होता, आणि दोन्ही वेळा अण्णा जेवणावरून उठले होते.

त्या काटकसरीच्या दिवसांतच नवी गाडी आखली गेली. जानेवारी १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिचा नमुना मांडला आणि लोक त्यावर लुब्ध झाले. प्रत्यक्ष गाडी १९९६ मध्ये आली. नाव 'बॉक्स्टर'. आडव्या, समोरासमोर दट्ट्ये चालवणाऱ्या इंजिनाला 'बॉक्सर' म्हणतात, आणि दोन आसनांच्या उघड्या गाडीला 'रोडस्टर'. या दोहोंची ही जोड. दोन आसने, विजेने १२ सेकंदांत उघडणारे कापडी छप्पर, २.५ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, २०४ अश्वशक्ती. आणि इंजिन १९४८ च्या त्या गाडीप्रमाणे पुन्हा मध्यभागी. पणतू पणजोबांच्या तोंडवळ्यावर जावा, तसे हे झाले.

किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी केलेली युक्ती अण्णांना विशेष भावली. ९११ ची नवी पिढीही त्याच वेळी आखली जात होती. दोन्ही गाड्यांचा पुढचा भाग, बॉनेट, दिवे, दारे एकच ठेवली. साच्यांचा खर्च एकदाच झाला आणि तो दोन गाड्यांवर विभागला गेला. महागड्या गाडीच्या मालकांनी नाके मुरडली. आपल्या गाडीचे तोंड स्वस्त गाडीसारखे का, अशी त्यांची तक्रार होती. त्या दिव्यांना टोपणनावेही मिळाली. पण पेढी तरली. मागणी इतकी वाढली, की १९९७ पासून काही गाड्या फिनलंडमधील दुसऱ्याच्या कारखान्यात जोडून घ्याव्या लागल्या.

"हिचं इंजिन दाखव," अण्णा म्हणाले.

"दिसत नाही. पुढे उघडलं तर सामानाची जागा, मागे उघडलं तरी सामानाचीच. मागच्या बाजूला फक्त तेल आणि पाणी घालायची दोन तोंडं आहेत. इंजिन बघायचं तर मेकॅनिकला वरचं आवरण काढावं लागतं."

अण्णा प्रथमच हसले. जन्मभर इंजिनाचे भाग ओतणाऱ्या माणसाला हे ओळखीचे होते. त्यांनी ओतलेला एकही भाग गाडी घेणाऱ्याने कधी पाहिलेला नाही. तो चालतो तोवर त्याची आठवणही कोणाला होत नाही.

पुढच्या पिढ्या मुलाने भराभर सांगितल्या. दुसरी २००४ मध्ये आली. ती पहिलीचेच सुधारलेले रूप होते. तिसरी मार्च २०१२ मध्ये जिनिव्हात मांडली. ती सर्वांत लक्ष देऊन पाहावी अशी. दोन आसांमधले अंतर ६० मिलिमीटरने वाढले, सांगाडा पीळ सोसायला सुमारे ४० टक्के अधिक ताठ झाला, आणि तरीही वजन ३५ किलोपर्यंत घटले. छप्पर नसलेल्या गाडीला ताठपणा आणणे अवघड असते, कारण घराचा माळाच काढून टाकल्यासारखे ते असते. भिंतींनी सगळा भार घ्यायचा. सामान्यतः त्यासाठी जाड पत्रा घालतात, आणि वजन वाढते. इथे पोलाद व ॲल्युमिनियम जागेप्रमाणे निवडून वापरले. मोठे होताना जड व्हायचे नाही, हे पुष्कळ माणसांनाही साधत नाही.

चौथ्या पिढीच्या वेळी, २०१६ मध्ये, तिला जुन्या शर्यतीच्या गाडीचा ७१८ हा आकडा दिला, पण सहाऐवजी चारच सिलिंडर ठेवून टर्बो बसवला. ताकद वाढली, इंधन कमी लागू लागले. गिऱ्हाईक मात्र खट्टू झाले. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, अशी सार्वत्रिक तक्रार झाली. अखेर २०१९ मध्ये ४ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन वरच्या श्रेणीत परत आणले. कागदावरचा हिशेब चोख होता. ऐकणाऱ्याच्या कानाची किंमत मात्र त्यात धरलेली नव्हती.

"आणि तो करवतवाला?" अण्णांनी विचारले. त्यांच्या मनात तो माणूस बसला होता.

ती हकिगत मुलाने थोडी संकोचून सांगितली. त्याच वीडेकिंग यांच्या कारकिर्दीत या लहान पेढीने २००५ पासून अवाढव्य फोक्सवागनचे शेअर घ्यायला सुरुवात केली. ती गिळंकृत करण्याचा बेत होता. २००८ च्या मंदीत बँकांनी हात आखडते घेतले आणि सुमारे १० अब्ज युरोंचे कर्ज डोक्यावर राहिले. जुलै २००९ मध्ये वीडेकिंग गेले. पुढे उलटेच घडले. ऑगस्ट २०१२ पर्यंत पोर्शेचा मोटारींचा धंदा पूर्णपणे फोक्सवागनकडे गेला. त्याच वर्षी तिसऱ्या पिढीची बॉक्स्टर फोक्सवागनच्या ओस्नाब्र्युक येथील कारखान्यातही बांधली जाऊ लागली.

"उलाळ झाली," अण्णा म्हणाले. फडताळाचा वरचा भाग कापणाऱ्याने कर्जाचे फडताळ छताला नेऊन भिडवले, याचे त्यांना फार वाईट वाटले.

संग्रहालयाच्या उपाहारगृहात चहा घेताना शेवटी तो विषय निघालाच. २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केले होते, की ७१८ ची पुढची पिढी केवळ विजेवर चालेल. २०२४ मध्ये, गाडीतील संगणक-यंत्रणेच्या सुरक्षेविषयीचे नवे नियम लागू झाल्यावर, युरोपीय संघातली पेट्रोलच्या ७१८ ची विक्री थांबलीही. पण 'एमो' प्रदर्शन सुरू होण्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, कंपनीने पवित्रा बदलला. विजेच्या ७१८ बरोबर वरच्या श्रेणीत पेट्रोल इंजिनाच्या गाड्याही देऊ, असे सांगितले. विजेच्या गाड्यांना अपेक्षेएवढी मागणी आली नव्हती.

अण्णांच्या हाती आयता मुद्दा आला होता. "बघ. तेसुद्धा परत फिरले."

मुलाने वाद घातला नाही. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवले. २०२१ मध्ये म्युनिकला मांडलेली 'मिशन आर' ही विजेची शर्यतीची गाडी. "अण्णा, विजेच्या गाड्यांत बॅटरी बहुधा तळाला पसरलेली असते. इथे बघा कुठे आहे."

बॅटरी चालकाच्या पाठीमागे होती. बॉक्स्टरमध्ये इंजिन असते, बरोबर त्याच जागी. पेट्रोल नाही, सिलिंडर नाहीत, आवाज नाही, पण जड वस्तू मध्यभागी घ्यायची, हे त्यांनी सोडलेले नव्हते.

"मला इंजिन बंद करायचं नाही," मुलगा म्हणाला. "ट्रॅक्टर काही उद्या विजेवर जात नाहीत. मी एवढंच म्हणतो, की अर्ध्याहून जास्त काम एकाच प्रकारच्या भागावर नको. ओतकाम आपलं आहे. काय ओतायचं ते बदलू शकतं."

अण्णांनी चहा संपवला. चार महिने त्यांच्या मनात जो विचार अडकून बसला होता, तो असा की मुलगा आजोबांचा धंदा बंद करायला निघाला आहे. आजोबांनी इंजिन बनवले नव्हते. गावातल्या शेतकऱ्याचा पंप बंद पडू नये म्हणून, हवा तो भाग त्यांनी ओतून दिला होता. हे अण्णांना ठाऊक नव्हते असे नाही, पण इतक्या वर्षांच्या इंजिनांच्या आवाजात ते मागे पडले होते.

परतीच्या लोकलमध्ये दोघे बराच वेळ गप्प होते. खिडकीबाहेर द्राक्षमळ्यांचे उतार सरकत होते. मुख्य स्थानक जवळ आले तेव्हा अण्णांनी विचारले, "ॲल्युमिनियमच्या भट्टीला जागा किती लागते?"

मुलाने आकडा सांगितला.

"आणि पॅटर्नची शेड मोकळी केली तर?"

मुलगा त्यांच्याकडे पाहत राहिला. "बसेल, अण्णा. आरामात बसेल."

डिसेंबरात मुलगा परतला. जानेवारीत शेड मोकळी करायला घेतली. ज्या पॅटर्नना अजून गिऱ्हाईक होते ते भिंतीलगतच्या बुटक्या मांडणीवर गेले. बाकीचे लाकूड अण्णांनी समोर उभे राहून बाहेर काढायला लावले. फक्त एक पॅटर्न त्यांनी बाजूला काढून पुसला आणि आपल्या टेबलावर ठेवला. तो वडिलांनी स्वतः तासलेला, ऑइल इंजिनच्या भागाचा होता. येणारा-जाणारा विचारतो, हे काय आहे? अण्णा त्याला तो भाग कशाचा ते सांगतात, आणि मग नव्या भट्टीची चौकशी करायला मुलाकडे पाठवतात.